दूध कशात तापवत होता?

यकृतविकारांवर संशोधन करणाऱ्या एखाद्या डॉक्टरांची कारकीर्द त्यांच्या शोधनिबंधांतून मांडा, असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित यांचं नाव घेतलं. किती निबंध, किती जणांनी त्यांचा आधार घेतला, हे आकडे संगणक क्षणात देतो. मला त्या यादीतले पाच-सहाच निबंध ओढून घेत होते. सहलेखकांत डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधले बालयकृततज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर ही नावं पुन्हा पुन्हा येतात.

आजार होता ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’. कलकत्त्यात १८८७ साली त्याची पहिली नोंद झाली. वर्ष-दोन वर्षांचं मूल किरकिरं व्हायचं, पोट वाढायचं, हाताला यकृत कडक लागायचं. मग कावीळ, जलोदर, आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावायची. एकाच घरात पाठोपाठ दोन भावंडं जायची, त्यामुळे दोष रक्तातच असावा असं पुष्कळांना वाटे.

१९७९ साली ‘लॅन्सेट’मध्ये या मुलांच्या यकृतातल्या तांब्याची मोजणी प्रसिद्ध झाली. निरोगी यकृतात दर ग्रॅम शुष्क वजनामागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. इथे ते कित्येक शेकड्यांत, काहींत हजारांत होतं. पण आजारी यकृताला पित्तावाटे तांबं बाहेर टाकता येत नाही, म्हणूनही ते साठू शकतं. मग हे कारण की परिणाम?

याचं उत्तर शोधायला ही मंडळी स्वयंपाकघराकडे वळली, हे मला या सगळ्या कामातलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं. अंगावरचं दूध कधी तोडलं, वरचं कधी सुरू केलं, ते कशात तापवत होता, कशात ठेवत होता, असे प्रश्न आयांना विचारले गेले. कुठल्याही सासूबाईंनी विचारावेत असे साधे प्रश्न, पण वैद्यकशास्त्राने ते शंभर वर्षांत नीट विचारले नव्हते. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालेलं आणि ते पितळी किंवा तांब्याच्या भांड्यातलं, हे १९८३ साली मांडलं गेलं. १९८७ साली निरोगी मुलांच्या माहितीशी ताडून पाहिल्यावर तेच चित्र आणखी ठळक झालं.

भांड्यात नेमकं काय घडतं, ते ओ’नील आणि टॅनर यांनी १९८९ साली दाखवलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात ठेवलेलं पाणी तांबं फारसं उचलत नाही. दूध मात्र उचलतं, कारण त्यातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. कल्हई शाबूत असेल तर मध्ये कथलाचा थर असतो. ती झिजली की दूध थेट धातूला भिडतं. पितळेची भांडी घरोघरी मानाने मांडलेली असत, बाळाचं दूध त्यांत मायेने तापवलं जाई, हे आठवलं की निबंधातला कोरडा तक्ता वाचवत नाही.

उपचारही याच यादीत आहेत. शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलमिन वेळेत दिलं तर मुलं वाचू शकतात, हे १९८७ सालच्या चाचण्यांत दिसलं. १९९६ साली डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी वाचलेल्या मुलांचा पाठपुरावा छापला: ती चांगली वाढत होती आणि काहींचं यकृत सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ पूर्ववत दिसत होतं. मृत्यूचा दाखलाच समजल्या जाणाऱ्या आजारात हे घडलं होतं!

त्याआधीच, १९९२ साली, प्रतिबंधावरचा निबंध आला होता. आजार ओसरत होता आणि पुढे तो दुर्मीळ झाला. इथून अडचणी सुरू होतात. याच काळात स्टील आणि ॲल्युमिनियम घराघरांत पोचत होतं, त्यामुळे श्रेय सल्ल्याचं किती आणि बाजाराचं किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. शिवाय पितळी भांड्यातलं दूध लाखो मुलं प्यायली, तरी सगळी आजारी पडली नाहीत. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ दरम्यान अशाच आजाराने गेलेल्या १३८ मुलांचा अभ्यास १९९६ साली छापून आला. तिथेही तांब्याच्या भांड्यातलं दूध होतं, पण वंशावळी पाहता जनुकीय दोषही दिसत होता. उलट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या काही गावांत पाण्यात तांबं भरपूर असूनही असे बालमृत्यू आढळले नाहीत. म्हणजे तांबं आणि जनुक दोन्ही लागत असावेत. ते जनुक अजून निश्चित झालेलं नाही, आणि आता ते शोधायला नवे रुग्णच जवळपास उरलेले नाहीत.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतली जात आहेत आणि कल्हईवाला शोधावा लागतो. तांब्याच्या तांब्यातलं पाणी पिणाऱ्या मोठ्या माणसांना भीती घालण्याचं कारण नाही. पण बाळाचं दूध, ताक किंवा आंबट काही बिनकल्हईच्या पितळेत जाऊ नये. नवं पातेलं घरी आणणाऱ्या तरुण आईला हे दुकानदार सांगत नाही, आणि ज्या डॉक्टरांनी हा आजार पाहिलेलाच नाही त्यांनाही तिला विचारायचं सुचेलच असं नाही.