बेडूक धरू नका, फोटोत धरा

मृगाचा पाऊस पडला की ओढ्याकडून रात्रभर डराव डराव चालतं. आज त्या आवाजामागं जायचं, हातात मोबाईल घेऊन. बेडूक शोधून त्यांचे फोटो काढणं हा अनेकांचा छंद आहे. सिंधुदुर्गातल्या आंबोलीला दर पावसाळ्यात त्यासाठी लांबून माणसं येतात. तिथल्या आसपासच सापडणाऱ्या 'आंबोली टोड'ची शास्त्रात नोंद झाली ती २००९ साली. पण बेडूक पाहायला आपल्याला घाट उतरायची गरज नाही.

तुम्ही म्हणाल, बीडसारख्या कोरड्या भागात बेडूक येतात कुठून? ते जमिनीतच असतात. मातीत राहणाऱ्या गोलमटोल बेडकाच्या मागच्या पायाला खुरप्यासारखा कडक उंचवटा असतो. त्यानं माती उकरत तो मागं मागं सरकत आत जातो. उन्हाळा तिथंच काढतो आणि पहिल्या मोठ्या पावसाला वर येतो.

विहिरीत, शेततळ्यात तरंगणारा आणि चाहूल लागताच पाण्यावरून टणाटणा उड्या मारत जाणारा बेडूक वेगळा. दिव्याखाली किडे टिपणारा, अंगावर फोडफोड असलेला तो भेक. त्याला हात लावल्यानं आपल्याला चामखीळ येत नाही. मात्र त्याच्या डोळ्यामागच्या ग्रंथीत विष असतं, म्हणून हात लागलाच तर साबणानं धुवा, डोळ्याला लावू नका. पिवळाधमक बेडूक दिसला तर घाबरू नका. तो आपला मोठा रानबेडूकच. विणीच्या दिवसांत नर पिवळा होतो, गळ्याजवळ निळे फुगे काढून ओरडतो, आणि काही दिवसांनी पुन्हा मातकट होतो.

आता शोधायचं कसं? अंधार पडल्यावर, पाऊस उघडल्यावर, घराजवळच्या डबक्यापाशी जा. एकटीनं जाऊ नका. बेडूक असतो तिथं साप येतो. म्हणून पायात बूट हवेत, हातात बॅटरी हवी, आणि पाऊल टाकायच्या आधी उजेड टाकायचा. दगडाखाली, बिळात हात घालायचा नाही. भरल्या विहिरीच्या काठावर, वाहत्या ओढ्यात उतरायचं नाही.

ओरडतो तो नर. आपण जवळ गेलो की तो गप्प होतो. अशा वेळी बॅटरी विझवून थोडा वेळ शांत बसा. एकानं सुरुवात केली की बाकीचे सूर धरतात. आधी मोबाईलवर आवाज भरून घ्या, कारण जात ओळखायला फोटोइतकाच आवाजही उपयोगी पडतो.

फोटो उभ्यानं काढला तर नुसती पाठ दिसते. खाली बसा, मोबाईल बेडकाच्या डोळ्याच्या उंचीला आणा. एकीनं बाजूनं बॅटरी धरावी, दुसरीनं फोटो काढावा. झूम केला की चित्र फाटतं, त्यापेक्षा हळूहळू जवळ सरका. बाजूनं, वरून आणि समोरून असे तीन फोटो पुरेत. डोळ्यावर उजेड फार वेळ ठेवू नका.

बेडूक हातात धरून मात्र फोटो काढायचा नाही. तो कातडीतूनही श्वास घेतो, पाणीही कातडीतूनच शोषतो. आपल्या हाताचं मीठ, मच्छरचं मलम, फवारणीचं औषध त्याच्या अंगात उतरतं. शेतातलं औषध डबक्यात गेलं तर शेपटीची काळी पिल्लंही वाचत नाहीत. म्हणून फवारणीचा पंप ओढ्यात, तळ्यात धुवायचा नाही.

एवढी काळजी कशासाठी? बेडूक शेतातले किडे, टोळ, अळ्या खातो. एकेकाळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशात जायच्या. शेतंच्या शेतं बेडकांवाचून रिकामी होऊ लागली, किडीची चिंता वाढली, आणि १९८७ साली सरकारनं ती निर्यात बंद केली. पाऊस लांबला की काही गावांत धोंडीला बेडूक काठीला बांधून फिरवतात. कडुलिंबाच्या डहाळ्या बांधूनही धोंडी निघते. पावसाची वाट आपल्याइतकीच बेडूकही पाहतो, त्याला मोकळं राहू द्या.

शेवटचं काम बचत गटानं करण्यासारखं. फोटोबरोबर तारीख, गाव, जागा आणि त्या दिवशी पाऊस किती झाला, हे वहीत लिहा. जात कळत नसेल तर 'आयनॅचरलिस्ट' या मोफत अॅपवर फोटो टाका, जाणकार नाव सुचवतात. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ग्रामसभेत ती वही मागा, आणि आपल्या बेडकांची नावं तिच्यात लिहायला लावा. पुढं एखादं डबकं बुजवायची वेळ आली, तर तिथं कोण राहत होतं हे कागदावर असेल.

यंदाच्या पावसात प्रत्येक गटानं आपल्या शिवारातले निदान तीन प्रकारचे बेडूक शोधावेत.