कोळशाच्या उपकराचे पाणी कुठे मुरले?

आंतरराष्ट्रीय हवामान परिषदांत भारताची बाजू भक्कम असते. वातावरणात कर्बवायूचा साठा केला तो प्रामुख्याने श्रीमंत देशांनी. तेव्हा उपायांचा अधिक भारही त्यांनीच उचलावा, हे तत्त्व १९९२च्या रिओ परिषदेत मान्य झाले. २०२४मध्ये बाकू येथे २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा ते तुटपुंजे असल्याचे भारताने भर सभेत सुनावले. ही तक्रार रास्तच आहे. मात्र हवामानासाठी उभा केलेला पैसा हवामानासाठीच खर्च होतो काय, हा प्रश्न दिल्लीलाही चुकलेला नाही.

२०१०च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसविला. त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहायचा होता. प्रदूषण करणाऱ्यानेच पर्यायाचा खर्च द्यावा, असा हा सरळ हिशेब होता. २०१६पर्यंत उपकर ४०० रुपयांवर गेला. २०१७-१८पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. पण निधीकडे वळते झाले त्याच्या जेमतेम एकतृतीयांश आणि प्रत्यक्ष वापरले गेले सुमारे १६ हजार कोटी. उरलेली रक्कम सरकारच्या सर्वसाधारण खर्चात विरून गेली.

जुलै २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हेच ४०० रुपये राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळले. राज्यांची गरज खोटी नव्हती. भरपाईच्या हमीशिवाय त्यांनी या कराला मान तुकवली नसती. पुढे कोविडकाळात भरपाईसाठी काढलेले कर्ज फेडण्यासाठी या उपकराची मुदत वाढविण्यात आली. २२ सप्टेंबर २०२५ रोजी कोळशावरील उपकर रद्द होऊन करदर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. टनामागे ठरलेला भार जाऊन तो किमतीशी जोडला गेला. साहजिकच स्वस्त, हलक्या प्रतीच्या कोळशाचे ओझे कमी झाले.

भारताची प्रगती नाकारण्याचे कारण नाही. एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म स्रोतांची करण्याचे २०३०चे उद्दिष्ट २०२५मध्येच गाठले गेले. तरी प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही दोनतृतीयांशाहून अधिक आहे. धनबाद, कोरबा, सिंगरौली, चंद्रपूर येथील हजारो चुली त्यावर पेटतात. आज ना उद्या खाणी बंद होतील, तेव्हा त्या कामगारांच्या पुनर्वसनासाठी आणि उजाड जमिनीच्या दुरुस्तीसाठी राखीव पैसा लागेल. तो कोळशाच्याच कमाईतून बाजूला काढण्याची संधी होती. विकास आणि हवामान यांचा तोल सांभाळण्याची घोषणा सोपी असते. त्यासाठी वेगळी ठेवलेली तिजोरी महसुली निकडीपासून वाचविणे अवघड. ती शिस्त राजधानीत रुजली नाही, तर उद्या परदेशातून आलेला निधीही याच वाटेने जाईल.