छत्री आहे ना बॅगेत?

हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहाला क्लास सुटतो. जालना बसस्टँडवर अंबडची, भोकरदनची एसटी लागायला वेळ असतो. अंधारात कुणीतरी मुद्दाम खेटून उभं राहतं. तुम्ही काय करता? मी बरेच दिवस बॅग पुढे घेऊन गुपचूप जागा बदलायचे. आपल्याला कुठे कराटे येतं, असं वाटायचं.

या प्रश्नावर सव्वाशे वर्षांपूर्वी एका इंजिनीअरनं डोकं लावलं होतं. एडवर्ड बार्टन-राइट. जन्म १८६० चा, तोही बंगळूरचा! नोकरीसाठी जपानला गेला आणि तिथे जुजुत्सु शिकला. १८९८ मध्ये लंडनला परतल्यावर त्यात त्यानं बॉक्सिंग, फ्रान्सची लाथांची लढत 'सावात' आणि स्विस उस्ताद पिएर विन्यी यांची काठी मिसळली. नावही मिक्सच. बार्टन अधिक जुजुत्सु, म्हणजे 'बार्टित्सु'.

प्रत्येक कलेला काम वाटून दिलेलं. समोरचा लांब असेल तर काठी, जवळ आला तर ठोसा-लाथ, अंगाशी झटला तर जुजुत्सु. हत्यारं म्हणजे हातातली काठी, छत्री, अंगातला ओव्हरकोट. मूळ सूत्र सोपं: आधी त्याचा तोल घालवा, तो सावरून ताकद लावायच्या आत पुढची चाल करा.

क्लब १९०२ मध्ये बंद पडला. पुढच्याच वर्षी कॉनन डॉयलनं शेरलॉक होम्सचा जीव याच विद्येनं वाचवला, फक्त नाव 'बारित्सु' असं छापलं गेलं.

क्लबसाठी आलेले जपानी शिक्षक मात्र लंडनमध्ये शिकवत राहिले. त्यातल्या सादाकाझू उयेनिशींकडे एडिथ गॅरुड शिकली. उंची जेमतेम पाच फूट. १९१३ मध्ये मताचा हक्क मागणाऱ्या बायकांनी आपल्या नेत्यांना अटकेपासून वाचवायला संरक्षक पथक उभारलं, त्याला तिनंच तयार केलं. त्या कपड्यांत काय लपवून न्यायच्या माहितीये? 'इंडियन क्लब', म्हणजे आपल्या तालमीतले मुदगल!

लेख वाचून लढता येत नाही, हे मलाही कळतं. पण मनगट सोडवायचा सराव मैत्रिणीसोबत होस्टेलच्या गच्चीवर करता येतो. जोरात ओरडायचाही सराव लागतो, खरंच! निसटायला वाट मिळाली की थांबू नका, ११२ लावा. मी आता जागा बदलत नाही. आधी मोठ्यानं विचारते, "काय पाहिजे?" छत्री हातातच असते.