चौसष्ट दिवसांचा महाल, दोन वर्षांचा गुलाब

फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या धाकट्या भावाने, आर्त्वाच्या काउंटने, १७७५ मध्ये पॅरिसलगतच्या बुआ द बुलोन्य या वनात एक पडकं घर घेतलं. ते पाडून अल्पावधीत नवा महाल उभारतो, अशी पैज त्याने वहिनीशी, म्हणजे राणी मारी आंत्वानेतशी, लावली असं सांगतात. वास्तुविशारद बेलांजेने शेकडो कारागीर कामाला जुंपले आणि नोव्हेंबर १७७७ मध्ये, ६४ दिवसांत, बगातेलचा महाल उभा राहिला. पैजेच्या या गोष्टीपुढे बगातेलची बाग कायम मागे पडते आणि ते मला खटकतं.

बागेचं काम थॉमस ब्लेकी या स्कॉटिश माळ्याकडे गेलं. व्हर्सायच्या आखीव रांगांऐवजी त्याने वळणाच्या वाटा, पाणी आणि मोकळी हिरवळ मांडली. राज्यक्रांतीत मालमत्ता जप्त झाली. १८३५ मध्ये ती लॉर्ड हर्टफर्डने घेतली, त्याच्यानंतर ती रिचर्ड वॉलेसकडे आली. पॅरिसच्या रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याची कारंजी बसवणारा हाच तो वॉलेस.

१९०५ मध्ये पॅरिस शहराने बगातेल विकत घेतलं आणि ते जां-क्लोद-निकोला फोरेस्तिए यांच्या हाती आलं. ब्लेकीच्या वळणवाटांना धक्का न लावता त्यांनी एका बाजूला भौमितिक आखणीची गुलाबबाग केली. चौकोनी वाफे, त्यांना बुटक्या कुंपणाची किनार, खांबांवर चढवलेले वेल. बरीच रोपं दिली ज्यूल ग्रावरो यांनी. दुकानदारीतून निवृत्त होऊन त्यांनी लाय गावी हजारो जातींचा गुलाबसंग्रह जमवला होता. पुढे त्या गावाच्या नावालाच गुलाब जोडला गेला!

फोरेस्तिए आणि ग्रावरो यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये इथे नव्या गुलाबांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, आणि माझ्या मते बगातेलचं खरं मोठेपण तिच्यात आहे. इथे स्पर्धेला कापलेली फुलं येत नाहीत, अख्खी झाडं येतात. संकरकार आपल्या नव्या जातीची रोपं पाठवतात, ती बागेतच लावली जातात आणि त्यांच्यावर दीर्घकाळ नजर ठेवून मग निकाल लागतो. याला कारण आहे. खुंटावर डोळा भरलेलं कलम पहिल्या वर्षी मुळं धरण्यातच गुंतलेलं असतं. एक हिवाळा काढल्यावर, एक छाटणी सोसल्यावर त्याची खरी ताकद दिसते: पुन्हापुन्हा बहर येतो का, वास टिकतो का, भुरी किंवा पानांवरचे काळे ठिपके पडले की झाड उघडं होतं का.

२०१७ पासून फ्रान्समध्ये सार्वजनिक बागांत रासायनिक कीड-रोगनाशकं वापरायला बंदी आहे. त्यामुळे फवारणीच्या आधारावर तगणाऱ्या जातीला अशा बागेत आता लपायला जागा नाही.

आपल्याकडच्या गुलाब प्रदर्शनांत बहुतेक वेळा बाटलीतलं एकच कापलेलं फूल पाहून गुण दिले जातात. ते फूल सुंदर असतं, याबद्दल वाद नाही. पण पुण्या-नाशिकच्या पावसाळ्यात ज्याचं झाड ऑगस्टअखेर पानं गाळून काटक्यांवर येतं, त्या माणसाला त्या बाटलीकडे पाहून काही कळत नाही. नव्या जाती बागेतच लावून दोन पावसाळे पाहायच्या आणि मग गुण द्यायचे, अशी एखादी तरी सार्वजनिक बाग महाराष्ट्रात हवी.