आहाराची रोजनिशी

"आहार कसा आहे?" असा प्रश्न डॉक्टरांनी केला म्हणजे बहुतेक रोगी "साधाच आहे" असे उत्तर देतात. हे उत्तर खोटे असते असे नव्हे. परंतु त्यापासून डॉक्टरांना काहीच बोध होत नाही. कोलकात्याच्या गृहस्थाच्या साध्या आहारात भात, मासे आणि सायंकाळचा संदेश येतो. लुधियान्याच्या गृहस्थाच्या साध्या आहारात लोण्याचा गोळा घातलेली रोटी येते. मदुराईच्या गृहस्थाच्या साध्या आहारात साखर घातलेल्या कॉफीचे चार पेले येतात. ज्याला जे रोजचे, ते त्याला साधे वाटते. रक्तातील साखर वाढू लागली किंवा वजन वाढले म्हणून एखाद्याने आहार सुधारण्याचा निश्चय केला, तर त्याच्या वाटेतील पहिली अडचण हीच असते की, आपण काय खातो हे त्याचे त्यालाच नीट ठाऊक नसते. आपल्या देशात मधुमेह असलेल्या व्यक्तींची संख्या १० कोटींच्या वर गेली असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत देण्यात आला. अशा स्थितीत या अज्ञानाची उपेक्षा करणे परवडण्यासारखे नाही.

पानावर बसून घेतलेले जेवण मनुष्याला आठवते. उभ्याउभ्या तोंडात टाकलेले आठवत नाही. कचेरीत कोणाच्या बढतीचा पेढा, मुलाने ताटात टाकलेली अर्धी पोळी, डब्याचे झाकण उघडले म्हणून घेतलेला मूठभर चिवडा या गोष्टी रात्रीपर्यंत स्मृतीतून पुसल्या जातात. जे प्यावयाचे असते त्याची गणना खाण्यात होत नाही, म्हणून चहा, सरबत आणि लस्सी हिशेबाबाहेर राहतात. आणि जे पदार्थात मुरलेले असते, म्हणजे तेल, तूप, साखर व मीठ, ते तर डोळ्यांना दिसतच नाही.

खाल्लेल्याचा काटेकोर हिशेब ठेवण्याची कल्पना जुनी आहे. इटलीतील पादुआ येथील वैद्य सांतोरियो याने मोठ्या तराजूला टांगलेली एक खुर्ची करविली होती. सुमारे तीस वर्षे तो स्वतःचे वजन, खाल्लेले अन्न, प्यालेले पेय आणि मलमूत्र यांची वजने टिपून ठेवीत असे. १६१४ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसभरात ८ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यांपैकी ५ पौंडांच्या आसपास भाग न दिसणाऱ्या वाटेने शरीराबाहेर जातो, असे त्याला आढळले. ही न दिसणारी वाट म्हणजे त्वचेतून व श्वासावाटे जाणारी वाफ आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड वायू होय, हे पुढील शास्त्रज्ञांनी सिद्ध केले.

वजन कळले तरी अन्नाचे गुण कळत नाहीत. त्यासाठी प्रत्येक पदार्थाचे रासायनिक पृथक्करण करून कोष्टके तयार करावी लागतात. भारतीय अन्नपदार्थांची अशी कोष्टके निलगिरीतील कुन्नूर येथील प्रयोगशाळेतून डॉ. एक्रॉइड यांनी १९३७ साली एका लहानशा पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली व पुढे राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. तिने २०१७ साली काढलेल्या नव्या कोष्टकांत देशाच्या निरनिराळ्या विभागांतून गोळा केलेल्या ५२८ पदार्थांचे घटक दिलेले आहेत. आज कोणाही गृहिणीला नाचणीत चुना किती आणि मसुरीत प्रथिने किती हे पाहता येते. कोष्टक तयार आहे. उणीव आहे ती कोष्टकात घालावयाच्या खऱ्या आकड्याची.

हा आकडा किती खोटा असू शकतो, हे दाखविणारी युक्ती मोठी सुंदर आहे. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. या दोन्ही मूलद्रव्यांचे थोडे अधिक जड असे भाऊबंद, म्हणजे समस्थानिक, निसर्गात आढळतात व ते किरणोत्सर्गी नसल्यामुळे निरुपद्रवी असतात. जड हायड्रोजन व जड ऑक्सिजन यांचे ठराविक प्रमाण असलेले पाणी मनुष्याला एकदा पाजतात आणि पुढे एकदोन आठवडे त्याच्या मूत्राची परीक्षा करतात. जड हायड्रोजन केवळ पाण्याच्या रूपाने शरीराबाहेर पडतो. जड ऑक्सिजन मात्र पाण्यातूनही जातो आणि कार्बन डायऑक्साइडमधूनही जातो. म्हणून तो लवकर संपतो. दोहोंच्या वेगांतील अंतरावरून शरीराने किती कार्बन डायऑक्साइड तयार केला हे निघते आणि त्यावरून किती उष्णता खर्च झाली हे काढता येते. माणूस कामावर असो की झोपलेला असो, मोजणी अखंड चालू राहते, आणि त्याला काहीही आठवावे लागत नाही. ही रीत प्रथम प्राण्यांवर वापरण्यात आली. मनुष्यावर तिचा उपयोग १९८२ पासून होऊ लागला.

न्यूयॉर्क येथील संशोधकांनी १९९२ साली या पाण्याच्या साहाय्याने अशा दहा व्यक्तींची परीक्षा केली, की ज्यांची तक्रार होती, "आम्ही दिवसाला १२०० उष्मांकांहूनही कमी खातो, तरी वजन उतरत नाही." (येथे उष्मांक म्हणजे किलोकॅलरी समजावी.) त्यांच्या शरीराचे ज्वलन मंद असेल अशी शंका होती. प्रत्यक्षात ते ज्वलन अगदी सर्वसाधारण निघाले. निघाले ते असे की, त्यांनी आपला आहार सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि आपली हालचाल ५१ टक्क्यांनी अधिक सांगितली होती. त्यांना लबाड ठरविण्याचे कारण नाही. आपल्या सांगण्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास होता. आणि अशीच चूक, थोड्याफार प्रमाणात, सडपातळ माणसेही करतात.

येथे एक शंका सहज उद्भवेल. माणूस जर इतका चुकतो, तर त्याच्याच हाताने लिहिलेल्या वहीला किंमत ती काय? शंका रास्त आहे, आणि संशोधकांना ती नेहमी सतावते. त्यातच दुसरी अडचण अशी की, लिहावयाचे आहे हे कळले की मनुष्य निराळे खाऊ लागतो. तिसरा लाडू लिहावा लागेल या विचाराने तो तिसरा लाडू घेतच नाही. लोक एरव्ही काय खातात हे ज्याला जाणावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने हा वहीचा मोठाच दोष होय. परंतु ज्याला आपले खाणे बदलावयाचेच आहे, त्याच्या दृष्टीने हाच वहीचा गुण ठरतो. हात आणि तोंड यांच्यामध्ये पेन्सिल आली की क्षणभर थांबावे लागते, आणि सवयीने होणाऱ्या गोष्टीला तेवढा क्षण पुरेसा असतो. अमेरिकेत सुमारे १७०० स्थूल व्यक्तींवर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातील बहुतेक दिवस नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या मानाने सुमारे दुप्पट उतरले होते. अर्थात, जो नेमाने लिहितो तो इतर बाबतींतही नेमाने वागत असणार, हे विसरून सगळे श्रेय वहीला देणे बरोबर होणार नाही.

वही कोणतीही चालते. शाळकरी मुलाची उरलेली चालते, भ्रमणध्वनीवरील टिपणही चालते. अट एकच, की खाताक्षणी लिहावयाचे. रात्री निजण्यापूर्वी आठवून लिहिलेली वही ही पुन्हा स्मृतीचीच वही होते. वेळ, पदार्थ आणि प्रमाण ही तीन सदरे पुरेत. जेथे जमेल तेथे चौथे सदर घालावे : भूक होती काय? या सदरात "नव्हती, पण चहा आला म्हणून" असे चारपाच वेळा लिहावे लागले, की पुढचे सांगण्याची आवश्यकता राहत नाही.

प्रमाणासाठी तराजू हवाच असे नाही. घरातील एक वाटी, एक पळी आणि एक चमचा यांत किती मावते हे एकदा दुकानात किंवा स्वयंपाकघरातील काट्यावर मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले म्हणजे झाले. मात्र एका घोटाळ्यापासून सावध राहावे. कोष्टकांतील आकडे बहुधा कच्च्या धान्याचे असतात. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० उष्मांक असतात. पण शिजल्यावर त्याच तांदळाचा अडीच ते तीनपट वजनाचा भात होतो. भाताच्या वजनाला तांदळाचा आकडा लावला, तर खाणारा स्वतःला विनाकारण खादाड ठरवून घेतो.

एक उदाहरण घेऊ. कचेरीत काम करणारा एक मनुष्य दिवसातून पाच वेळा चहा घेतो व प्रत्येक कपात दोन लहान चमचे साखर असते. चमच्यात ५ ग्रॅम धरली तर दिवसाला ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० उष्मांक झाले. २००० उष्मांकांच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि २५ ग्रॅमच्या आत असल्यास उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा मनुष्य गोड खात नाही असेच सर्वांना सांगत असतो. त्याने मिठाईला हातही न लावता चहानेच ती मर्यादा गाठलेली असते.

तेल आणि मीठ यांचा पत्ता मात्र ताटाच्या वहीत लागत नाही. तो वाण्याच्या बिलात लागतो. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा तेलाचा डबा संपत असेल, तर दर माणशी दर दिवशी सुमारे ३८ ग्रॅम तेल होते. बैठे काम करणाऱ्याला इतके तेल अधिक आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुचविलेल्या २००० उष्मांकांच्या ताटात तेलतूप मिळून २७ ग्रॅमच धरलेले आहे. त्याच घरात मिठाचा किलोचा पुडा महिनाभर पुरत असेल, तर माणशी ८ ग्रॅमहून अधिक मीठ झाले, आणि लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठ निराळेच. मर्यादा ५ ग्रॅमची आहे. पाहुणे आले, तळणाचे तेल उरले, हे वजा घालावे. तरीही हिशेब फारसा हलत नाही.

आतापर्यंत अधिक खाण्याचा विचार झाला. परंतु आपल्या देशात वहीचे दुसरे एक काम आहे, आणि स्थूलतेवरील परदेशी पुस्तकांत त्याचा उल्लेख सापडणार नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. अनेक घरांत स्वयंपाक करणारी स्त्री सर्वांच्या शेवटी जेवते. भाजी संपलेली असते, वरण तळाला गेलेले असते; उरलेली पोळी आणि लोणचे यांवर तिचे भागते. "मी सगळ्यांबरोबरच खाते, तेच खाते", असे ती सांगते, आणि पदार्थांच्या नावांपुरते ते खरेही असते. प्रमाणाचे सदर भरले म्हणजे तिच्या वाट्याला डाळ किती आली आणि पालेभाजी किती आली ते उघडे पडते. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह मिळावे अशी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची शिफारस आहे. पोळी-लोणच्याने ती पुरी होत नाही. वेळेचे सदरही येथे उपयोगी पडते. जेवणाला लागूनच चहा घेण्याची सवय असल्यास चहातील द्रव्ये अन्नातील लोह रक्तात शोषले जाऊ देत नाहीत. तोच चहा तासादीड तासाने घेतला, आणि जेवणात लिंबू पिळले, तर तेच अन्न अधिक लोह देते. अशा वहीत काही कमी करावयाचे नसते. वाढावयाचे असते, आणि ते घरातील इतरांनी वाचावयाचे असते.

वाढत्या वयाची मुले व गरोदर स्त्रिया यांचे अन्न वहीतील आकड्यांवरून कमी करू नये. इन्शुलिन घेणाऱ्याने आपली वही डॉक्टरांना दाखविल्यावाचून जेवणात मोठा फेरफार करू नये. आकडे लिहिता लिहिता ज्याला अन्नाचीच भीती वाटू लागते, त्याने वही बंद करून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पहिल्या आठवड्याच्या नोंदीवरून एकच बदल निवडावा : चहातील एक चमचा, किंवा रात्रीच्या पानावर एक वाटी भाजी. दोन महिन्यांनी पुन्हा तीन दिवस लिहावे, आणि त्यांत एक दिवस सुटीचा, सणाचा किंवा उपासाचा असावा. उपासाच्या दिवशी पोट हलके राहते असा समज आहे. पण १०० ग्रॅम साबुदाण्यात तांदळाइतकेच उष्मांक असून प्रथिने जवळजवळ नाहीतच, आणि खिचडीतील तूप व दाण्याचा कूट त्यांत मिळवावयाचा आहे. त्या दिवसाचा आकडा इतर दिवसांहून मोठा निघाला तरी तो तसाच लिहून ठेवावा.