एक फेरी की दोन फेऱ्या?

कामगारांच्या एका सभेचे दीड तासाचे चित्रण आम्ही आकाराने लहान करून सभासदांना पाठविले. भाषणे स्वच्छ दिसत होती. पण ठरावावर शेकडो हात वर झाले, नेमके तेथेच चित्र फुटले. हात मोजता येईनात, आणि मोजणीबद्दल शंका निघाली. दोष यंत्राचा नव्हता. पद्धत निवडण्यात आम्हीच चुकलो होतो.

व्हिडिओचे एन्कोडिंग म्हणजे चित्रण थोड्या जागेत बसविणे. दर सेकंदाला किती बिट खर्चावयाचे, तो बिटरेट. वक्ता स्थिर उभा असला की थोडे बिट पुरतात. हलती गर्दी मात्र खर्चिक असते.

सरासरी बिटरेट ठरवून एकाच फेरीत काम केले, तर अगदी जवळची चित्रे सोडून पुढे काय येणार हे एन्कोडरला ठाऊक नसते. दोन फेऱ्यांत पहिली फेरी पाहणीची. कोणता भाग किती अवघड, याची नोंद होते आणि दुसऱ्या फेरीत त्यानुसार वाटप होते. पगार तेवढाच, पण महिनाअखेरीस घरात लग्न आहे हे आधी कळले, तर पहिल्या आठवड्यापासून हात आखडता घेता येतो.

तेव्हा आकार ठरलेला असेल तर दोन फेऱ्या घ्याव्यात. ९० मिनिटांचे चित्रण ७०० मेगाबाइटच्या सीडीवर बसवावयाचे असेल, तर ५,६०० मेगाबिटांना ५,४०० सेकंदांनी भागावे. सेकंदाला सुमारे १,०३७ किलोबिट येतात. ध्वनीसाठी १२८ काढले की चित्रासाठी सुमारे ९०० उरतात.

आकाराचे बंधन नसेल, तर दर्जा ठरवून एकच फेरी पुरे. एक्स-२६४ या एन्कोडरात त्यासाठी सीआरएफ नावाचा आकडा असतो. न सांगता तो २३ धरला जातो. तो लहान केला की दर्जा वाढतो आणि फाइलही वाढते. किती वाढेल, हे मात्र आधी सांगता येत नाही. थेट प्रक्षेपणात तर दुसऱ्या फेरीला सवडच नसते.

दुसरी फेरी अधिक चांगलीच, हा समज मात्र सोडावा. दर्जा ठरवून केलेली फाइल आणि दोन फेऱ्यांची फाइल अखेर सारख्याच आकाराच्या झाल्या, तर डोळ्यांना फरक जवळजवळ दिसत नाही. दुसऱ्या फेरीने आकाराची खात्री मिळते, एवढेच. म्हणून आरंभी एकच विचारावे: ठरलेली आहे ती जागा, की दर्जा?