उलटे निघालेले आकडे

एमी एडमंडसन यांना वाटलं, आपलंच गणित कुठेतरी चुकलंय.

१९९० च्या दशकाची सुरुवात. हार्वर्डमध्ये पीएच.डी. करणाऱ्या एमी औषधं देताना होणाऱ्या चुकांवरच्या एका अभ्यासात सामील झाल्या होत्या. दोन रुग्णालयांतले आठ विभाग निवडले होते. अनुभवी परिचारिका काही महिने वॉर्डांत फिरून, केसपेपर चाळून चुका शोधत होत्या. कोणत्या वॉर्डातली माणसं एकमेकांशी जुळवून काम करतात, हे एमींनी प्रश्नावलीतून मोजायचं होतं. जिथे टीम चांगली, तिथे चुका कमी, असा त्यांचा सरळ अंदाज होता.

आकडे नेमके उलटे आले. चांगल्या टीमच्या नावावरच चुका जास्त!

पुन्हा पुन्हा विचार करताना त्यांना एक शंका आली. ही माणसं चुका जास्त करत नसतील. लपवत नसतील, एवढंच.

मग त्यांनी एका सहायकाला वॉर्डांत पाठवलं. आकडे त्याला दाखवले नाहीत, शंकाही सांगितली नाही. त्याला दोन टोकं दिसली. एका वॉर्डाची प्रमुख कामाच्या साध्या कपड्यांत सगळ्यांमध्ये वावरायची. माणसाच्या हातून चूक होणारच, तेव्हा ती सांगणाऱ्याला शिक्षा नको, असं तिचं मत. दुसऱ्या वॉर्डाची प्रमुख कडक सुटात असायची आणि केबिनचं दार लावून खरडपट्टी काढायची. तिथल्या परिचारिकांना आपल्यावर खटलाच चाललाय असं वाटे.

सहायकाने मोकळेपणाप्रमाणे वॉर्डांचा क्रम लावला. सापडलेल्या चुकांच्या क्रमाशी तो जवळजवळ तंतोतंत जुळला.

हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९९ मध्ये एमींनी एका उत्पादक कंपनीतल्या ५१ गटांचा अभ्यास मांडला. जिथे बोलायची भीती नाही, तिथे माणसं विचारतात, चुकांवर चर्चा करतात, शिकतात. आणि त्यातूनच काम सुधारतं, असं त्यात दिसलं.

शिस्त हवीच. पण धाकाने चूक टळत नाही, ती दडते. रात्रपाळीत डोस चुकल्याचं लक्षात आलेली परिचारिका लगेच डॉक्टरांना फोन करते की गुपचूप केसपेपर मिटते, यावर पलंगावरच्या माणसाचा जीव अवलंबून असतो. तो फोन उचलायचं बळ जी तिला देते, तीच खरी शिस्त.